नजर सैल सोडायची म्हणजे नेमकं करायचं काय?

ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांची. राहते फोंड्याला, नोकरी पणजीत, एका सीएच्या ऑफिसात. जीएसटीचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. खांदे कानांना टेकतात, श्वास वरच्या वर चालतो, स्क्रीनवरचा एकच आकडा दिसत राहतो आणि शेजारी कोण येऊन उभं राहिलं तेही कळत नाही. मध्यंतरी एका रीलमध्ये बघितलं: नजर सैल सोडा, समोर बघत असतानाच दोन्ही बाजूंचं दिसू द्या, तीस सेकंदांत ताण जातो. करून बघितलं. सुरुवातीला खरंच बरं वाटलं, खांदे खाली आले. आता मात्र जमतच नाही. डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ जड होतं, आणि एवढं साधंही आपल्याला जमू नये याचाच वेगळा ताण येतो. नवरा म्हणतो, शून्यात काय बघत बसतेस! सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा त्राटक कर. यात काही तथ्य आहे की नुसतं खूळ? आणि असेल तर करायचं कसं? (साहेब रात्री साडेनऊलासुद्धा व्हॉट्सॲपवर 'रिटर्न गेलं का?' म्हणून विचारतात, पण तो विषय वेगळा.)
— एक वाचक, फोंडा

तो विषय वेगळा नाही. पण त्याकडे शेवटी येते, कारण तुम्ही विचारलंय नजरेबद्दल.

यात तथ्य आहे, पण रीलमध्ये सांगतात तेवढं नाही. नजर रुंद केल्याने ताणाचा चढलेला पारा थोडा उतरतो, बहुतेकांचा उतरतो. ताण 'जातो' म्हणणं हे रीलचं काम. तिला तीस सेकंदांतच सगळं आटपायचं असतं. आणि तुम्हाला जमत नाही त्याची कारणं तुमच्या पत्रातच आहेत. त्यातलं एक तर बहुधा चष्म्याच्या दुकानात सापडेल.

आधी एक करून बघा. हात समोर सरळ लांब करा आणि अंगठा उभा धरा. त्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच भाग आपल्याला कुठल्याही क्षणी खरोखर स्पष्ट दिसत असतो. जेमतेम दीड-दोन अंशांचा. दोन्ही डोळे मिळून आडवं जे दिसतं ते १८० अंशांच्या आसपास, किंवा थोडं जास्तच. बाकी सगळं धूसर. ते जाणवत नाही, कारण नजर सेकंदाला दोन-तीन वेळा इकडून तिकडे उडी मारते आणि मेंदू ते तुकडे जोडून चित्र पुरं करतो. दृष्टिपटलाच्या मधोमध जो पीतबिंदू असतो, त्याच्या केंद्रात बारकावे आणि रंग टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीने असतात. एका डोळ्यात अशा पेशी सुमारे ६० लाख. कडेच्या भागात राज्य दंडपेशींचं, त्या सुमारे १२ कोटी. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण मंद उजेड आणि हालचाल त्या झटकन पकडतात. अमावास्येच्या रात्री गच्चीवर गेलात तर एखादा फिकट तारा थेट बघायला जा, तो नाहीसा होतो; नजर किंचित बाजूला न्या, परत दिसतो.

म्हणजे कडेची नजर तुम्हाला कमवायची नाहीये. ती कायम चालूच असते. तुम्ही डावीकडची फाइल नीट दिसतेय का, उजवीकडचा पंखा दिसतोय का, असं एकेक तपासायला लागलात की नजर परत त्या नखाएवढ्या भागावर येते. एकाच वेळी दोन्हीकडे बारीक बघण्याचा हट्ट डोळा पुरवू शकत नाही. मग कपाळ आक्रसतं, पापणी मिटायची राहते आणि पाणी येतं. सुरुवातीला जमलं, कारण तेव्हा तुम्ही परीक्षा घेत नव्हता. घड्याळाकडे बघत बसलं की झोप येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता ताणाचा आणि नजरेचा संबंध. 'शेजारी कोण उभं राहिलं तेही कळत नाही' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते मानसशास्त्रात जुनं आणि चांगलं तपासलेलं निरीक्षण आहे. ईस्टरब्रूक यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं की मनाची उत्तेजना वाढत गेली की माणूस आजूबाजूच्या कमी कमी खुणांची दखल घेतो. डोळ्याला दिसतं ते पूर्वीएवढंच राहतं. दखल घेण्याचं वर्तुळ आक्रसतं. स्कूटरसमोर अचानक ट्रक आला तर नंतर फक्त त्याचा बंपर आठवतो, बाजूचं दुकान आठवत नाही. ट्रकपुढे ते उपयोगाचं असतं. जीएसटीच्या पोर्टलपुढे नाही, पण शरीराला तो फरक कळत नाही.

रीलवाल्यांनी यावरून उलटं गणित मांडलं: ताणाने वर्तुळ लहान होतं, तर वर्तुळ मोठं केलं की ताण जाईल. ही कल्पना जगभर पोचवण्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मेंदूशास्त्रज्ञ अँड्र्यू ह्युबरमन यांचा मोठा वाटा आहे. कल्पना अर्थहीन नाही, पण तिच्यासोबत जे शरीरशास्त्र सांगितलं जातं ते फारच सोपं करून. 'जवळ बघितलं की ताणाची मज्जासंस्था सुरू, लांब बघितलं की शांततेची' असं एक वाक्य हल्ली सगळीकडे फिरतं. प्रत्यक्षात जवळचं बघताना भिंग फुगवणारा स्नायू आवळला जातो, डोळे नाकाकडे वळतात, बाहुली लहान होते. आणि यातलं भिंगाचं आणि बाहुलीचं काम परानुकंपी मज्जातंतू करतात, म्हणजे शरीर निवांत असताना जोरात असते तीच संस्था. तेव्हा डोळ्यात काही एकच बटण नाही.

मग बरं का वाटतं? माझ्या मते तीन-चार साध्या गोष्टी एकत्र घडतात म्हणून. सहा मीटरच्या पलीकडे बघितलं की तो आवळलेला स्नायू सुटतो आणि डोळे समांतर होतात. स्क्रीनपुढे पापण्या मिटण्याचं प्रमाण बरंच घटलेलं असतं, ते वाढतं. नजर कुठेच रोखलेली नसली की त्याच त्या आकड्याभोवती विचार फिरवत ठेवणं जड जातं. आणि बहुतेक लोक हे करताना नकळत लांब उच्छ्वास सोडतात. या शेवटच्या गोष्टीचा पुरावा तर नजरेपेक्षाही भक्कम आहे. स्टॅनफर्डच्याच एका गटाने, त्यात ह्युबरमनही होते, २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांकडून महिनाभर रोज पाच मिनिटं श्वासाचे व्यायाम करून घेतले. त्यात नाकाने दोनदा श्वास आत घेऊन तोंडाने सावकाश, लांब सोडणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. म्हणून मी नजर आणि उच्छ्वास एकत्रच सांगते.

यातला काही भाग अपेक्षेचाही असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. ही गोष्ट तर आपल्याच माणसाने जगाला सांगितली. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे ना, हात उगारलेला, समोर बाई पडलेली? तुम्ही पणजीत नोकरी करता म्हणजे शंभरदा बघितला असेल. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा. संमोहनात माणसाला गुंगी येते ती कसल्याशा चुंबकीय द्रव्यामुळे, असं तेव्हा मानत. त्याने ठासून सांगितलं की असलं द्रव्य वगैरे काही नसतं. जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनातून, त्याच्या अपेक्षेतून आणि तयारीतून. तुमच्या बाबतीत अपेक्षेने आधी मदत केली आणि मग तीच आडवी आली. तीस सेकंद संपले, ताण गेला नाही, म्हणजे चूक माझी! ती तीस सेकंदांची अट आधी काढून टाका.

आता करायचं कसं ते सांगते. ऑफिसात, स्क्रीनसमोर, २० तारखेच्या दुपारी शिकू नका. शिकायला सगळ्यात चांगली जागा तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. फोंड्याहून येणारी तुमची बस बाणस्तारी, जुने गोवे करत रायबंदरवरून जात असेल तर रायबंदर ते पणजी हा सुमारे तीन किलोमीटरचा बांधाचा रस्ता लागतो. पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खाजन आणि मिठागरं. एवढं मोकळं, सपाट, लांबवर जाणारं दृश्य पणजीत शिरताना दुसरीकडे मिळत नाही आणि त्या वेळी अख्खी बस मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असते. (चोडणच्या फेरीबोटीतही तेच. दहा पावलांवर नदी वाहतेय आणि माणसं दुसऱ्या कुणाचा तरी समुद्र फोनवर बघतायत!) बस बायपासने जात असेल तर जेवणाच्या सुट्टीत नदीच्या काठाला पाच मिनिटं या.

समोर लांबचं काहीतरी निवडा: पलीकडचा किनारा, एखादा माड, पूल. नजर तिथे ठेवा, रोखू नका. आता दोन्ही हात कानांच्या रेषेत बाजूला पसरा आणि बोटं हलवा. डोळे न हलवता ती हालचाल दोन्हीकडे जाणवते का बघा. हात थोडे थोडे मागे न्या, बोटं दिसेनाशी होईपर्यंत. तिथे तुमच्या नजरेची कड आहे. बसमध्ये हात पसरू नका, शेजारणीच्या डोळ्यात जाईल; हे एकदा घरी करून ठेवा, म्हणजे कड कुठे आहे ते शरीराला माहीत होतं. मग हात खाली, आणि ती कड नुसती असू द्या. बाजूला काय आहे ते ओळखू नका. काहीतरी सरकतंय, काहीतरी उजळ आहे, एवढं पुरे. जबडा सोडा, जीभ टाळूला चिकटली असेल तर खाली येऊ द्या, पापण्या हव्या तेवढ्या मिटा. डोळे ताठ उघडे ठेवणं हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. श्वास जेवढा आत घेतलात त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा. असे आठ-दहा श्वास झाले की पुरे. विचार येतील, येऊ देत. नजर पुन्हा एखाद्या गोष्टीवर चिकटली तर चिकटू दे, मग परत सोडा.

चालताना हे आणखी सोपं जातं, कारण दोन्ही बाजूंची झाडं-घरं मागे सरकत राहतात आणि कडेच्या नजरेला आयतं काम मिळतं. संध्याकाळी मिरामारला किंवा घराजवळच्या शेताच्या बांधावरून फोन खिशात ठेवून चाललात तर वेगळा व्यायाम करायचीही गरज नाही. स्कूटर चालवताना मात्र हा प्रयोग नको. चांगला चालक रस्त्याच्या दोन्ही बाजू बघतोच, पण तिथे नजर फिरती हवी आणि लक्ष रस्त्यावर. शांत होण्याचा कार्यक्रम गाडी स्टँडवर लावल्यावर.

हे हाताशी बसलं की मग ऑफिस. खिडकी असेल तर तिच्याबाहेर, नसेल तर खोलीतल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्याकडे. साहेबांचा फोन घेण्याआधी दोन उच्छ्वास, पोर्टल अडकून चाक गरगर फिरत असताना चार. ते चाक बघत बसण्यापेक्षा कधीही बरं. डोळ्यांसाठी तर दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतातच. तेच वीस सेकंद इकडे वापरा, दोन्ही कामं होतील. काहींना असं नजर सोडून बसलं की गरगरतं किंवा आपण इथे नाहीच असं विचित्र वाटतं. तसं झालं तर थांबा, हातातल्या पेनकडे बघा, पाय जमिनीवर दाबा. सगळ्यांनी हे केलंच पाहिजे असं नाही.

आता ते चष्म्याच्या दुकानाचं. तुम्ही ४१ वर्षांच्या, दिवसभर एक्सेल, आणि डोळ्यांतून पाणी, कपाळ जड. चष्म्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं आणि जवळच्या आकड्यांसाठी स्नायूला जास्त ओढ काढावी लागते. पुष्कळ बायका हे वर्ष-दोन वर्षं 'कामाचा ताण' म्हणून अंगावर काढतात, आणि मग नंबर लागला की निम्मं डोकं उतरतं. तेव्हा आधी डोळे तपासा. दुकानातल्या मशीनवर थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडून डोळ्यांचा दाबही बघून घ्या. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू, न दुखता जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. वरचा बोटांचा प्रयोग एकेक डोळा झाकूनही करा. एका डोळ्याच्या बाहेरच्या बाजूची बोटं दुसऱ्याच्या मानाने फारच लवकर गायब होत असतील, तर ते व्यायामाने सुधारण्याचं प्रकरण नव्हे, डॉक्टरांना दाखवण्याचं. आणि कधी अचानक चमक दिसू लागली, काळे ठिपके वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

सासूबाईंच्या त्राटकाला नावं ठेवायची नाहीत, पण ती नेमकी उलट दिशेची क्रिया आहे. हठयोगात षट्कर्मांमध्ये तिचा समावेश आहे आणि सूक्ष्म लक्ष्यावर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, निश्चल नजर ठेवायला सांगितलं आहे. एकाग्रतेसाठी ती असेल उत्तम. पण तुमची नजर सकाळी साडेनऊपासून निश्चलच असते आणि पाणीही यायला लागलंय! त्यांना सांगा, डोळे तपासून होईपर्यंत त्राटक थांबवते. आणि तुळशीपुढे दिवा लावून झाला की दोघी अंगणात पाच मिनिटं लांब बघत बसा. त्यांनाही टीव्हीपासून तेवढीच सुटका. नवऱ्याला समजावून सांगण्यात वेळ घालवू नका. त्याला बोटं हलवायला सांगा, त्याचीही कड कुठे आहे ते कळेल आणि तो आपोआप गप्प बसेल.

आता साहेब. रात्री साडेनऊला फोन वाजला आणि पोटात गोळा आला, तर त्या गोळ्याला नजर रुंद करून दोन मिनिटं शांत करता येईल. पण उद्या रात्री साडेनऊला तो परत येणार, कारण तो डोळ्यांतून येत नाही, मेसेजमधून येतो. कंसात टाकलेलं हे वाक्य मला तुमच्या पत्रातलं मुख्य वाक्य वाटतं. साहेबांशी भांडायची गरज नाही. सीएही त्या तारखांना तुमच्याइतकेच घाबरलेले असतात आणि घाबरलेला माणूस विचारत सुटतो. त्याला विचारायला लागू नये अशी सोय करा. रोज निघण्यापूर्वी संध्याकाळी स्वतःहून एक मेसेज: अमुक पार्ट्यांची रिटर्न्स गेली, अमुक राहिली, तमक्यांची बिलं आलेली नाहीत, उद्या बाराला पुन्हा बघते. आणि २० तारीख होऊन गेली, वातावरण निवळलं की तोंडाने सांगा: 'सर, रात्री आठनंतरचा मेसेज मी सकाळी बघते. अगदीच अडलं तर फोन करा.' चिठ्ठी नको, व्हॉट्सॲप नको, समोर बसून. बहुतेक साहेब ऐकतात. फोन करणं मेसेज टाकण्यापेक्षा कष्टाचं असल्यामुळे फोन फारसे येतही नाहीत. बिलं उशिरा देणाऱ्या पार्ट्यांना पाच तारखेलाच आठवण करायची व्यवस्था लावा, आणि ती आठवण साहेबांच्या नावाने जाऊ दे, तुमच्या नाही.

एक विचारायचं राहिलं. तारखा होऊन गेल्यावर तुम्हाला नीट झोप लागते का? ११ आणि २० सोडून मधल्या दिवसांतही छाती आवळलेली असेल, दोन-तीन आठवडे झोप मोडत असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर हे प्रकरण माझ्या सदरापुरतं नाही. छातीत दुखत असेल तर आधी साध्या डॉक्टरकडे जाऊन हृदय तपासून घ्या. मनासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास. बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयाची, ओपीडी आहे. तिथे जाण्यासाठी वेड लागावं लागत नाही, झोप उडालेली पुरते.

डोळ्यांची तपासणी या आठवड्यात उरकून घ्या, पुढची ११ तारीख यायच्या आत. नंबर निघाला तर किती निघाला ते कळवा, आणि साहेब काय म्हणाले तेही.